डोंगरावरची थंडी

(हिवाळ्यात डोंगर चढणे आनंदाचे असते, पण डोंगरावरची थंडी गावातल्या थंडीपेक्षा वेगळी असते. ती कशी वेगळी असते, का वेगळी असते आणि तिच्यापासून स्वतःला कसे जपावे, हे लेखकाने या पाठात एका सहलीच्या अनुभवातून सांगितले आहे.)

पाऊस संपतो. दिवाळी होऊन जाते. सह्याद्रीच्या उतारांवरचे हिरवे गवत पिवळे पडते. चिखलाच्या वाटा कोरड्या होतात आणि आकाश स्वच्छ, निळे दिसू लागते. डोंगर चढण्यासाठी याहून चांगला ऋतू कोणता? आमच्या शाळेतही डिसेंबर आला, की मुले विचारू लागतात, "सर, यंदा सहल कोठे?"

काही वर्षांपूर्वी मी आणि माझे एक सहकारी नववीच्या बावीस मुलांना घेऊन कळसूबाईला गेलो. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. त्याची उंची १६४६ मीटर आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या सीमेजवळ ते उभे आहे. त्याच्या पायथ्याला बारी नावाचे गाव आहे. तेथून माथ्यावर जायला तीन-साडेतीन तास लागतात. वाटेत जेथे सरळ कडे आहेत, तेथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. माथ्यावर कळसूबाई देवीचे छोटे मंदिर आहे.

आम्ही संध्याकाळी बारीला पोहोचलो आणि एका शेतकऱ्याच्या ओसरीवर मुक्काम केला. घरमालक वयस्कर होते. सगळे गाव त्यांना 'मामा' म्हणत असे, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो.

शाळेच्या प्रयोगशाळेतून मी दोन तापमापक बरोबर आणले होते. एक आम्ही ओसरीवर टांगला. दुसरा थोड्या उतारावर, ओढ्याकाठच्या शेतात एका काठीला बांधला. रात्री आकाशात ढगाचा एक तुकडाही नव्हता. तारे इतके जवळ वाटत होते, की हात वर केला तर लागतील! मुले चादरीत गुरफटून झोपली.

पहाटे उठून पाहिले, तर ओसरीवर ११ अंश सेल्सिअस तापमान होते आणि ओढ्याकाठी फक्त ६ अंश! शेतातले गवत भिजून चिंब झाले होते.

"सर, शबनम!" एक मुलगा ओरडला.

"हो. मराठीत तिला दव म्हणतात," मी म्हणालो.

दुसऱ्या मुलाच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न होता. "सर, भूगोलाच्या पुस्तकात लिहिले आहे, की उंचावर जावे तसे तापमान कमी होते. मग इथे उलटे कसे? ओसरी वर आहे, ओढा खाली आहे. थंडी खाली जास्त का?"

प्रश्न फार चांगला होता. मी त्याला सांगितले, "दिवसा जमीन सूर्याच्या उन्हाने तापते. रात्री ती उष्णता बाहेर टाकते. आकाशात ढग असतील, तर ते पांघरुणासारखे काम करतात. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. त्यामुळे उष्णता वेगाने निघून जाते आणि जमीन लवकर थंड होते. जमिनीला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असते. पाण्यासारखी ती उतारावरून घरंगळत दरीत येऊन साचते. म्हणून शांत, निरभ्र रात्री दरीचा तळ उतारापेक्षा थंड होतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. सूर्य वर आला, हवा तापून मिसळली, की पुस्तकातला नियम पुन्हा लागू होतो."

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कधी कधी दवाचे थेंब गोठून पांढरे हिमकण दिसतात. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. त्यामागेही हेच कारण असते. हवेचे तापमान शून्याच्या वर असले, तरी जमिनीलगतचे गवत त्याहून पुष्कळ थंड होऊ शकते. यातून डोंगरात मुक्काम करणाऱ्याने एक गोष्ट शिकावी. झोपण्यासाठी ओढ्याकाठची खोलगट जागा निवडू नये, आणि जमिनीवर जाड अंथरूण घालावे. पांघरुणाइतकीच अंथरुणाचीही गरज असते.

चहा पिऊन आम्ही निघालो. मामा अंगणात उभे होते. त्यांनी आभाळाकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, कालपासनं उत्तरेचं वारं सुटलंय. वर लई झोंबंल. पोरांना जपा."

मी मान डोलावली. पण खरे सांगायचे, तर त्यांचे बोलणे मी फारसे मनावर घेतले नाही. खाली तर पानही हलत नव्हते.

अर्धा-पाऊण तास चढल्यावर ऊन वर आले. मुलांना घाम फुटला. वाटेत शेवटचे घर लागले. एका मुलाने स्वेटर काढले आणि विचारले, "सर, हे इथेच ठेवू का? ओझे होते आहे. उतरताना घेईन." तो अंगाने किरकोळ होता. अंगात सुती सदरा होता आणि सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

मी म्हणालो, "ठेव." ही माझी चूक होती.

आम्ही शिड्या चढलो. उंची वाढत गेली. साधारणपणे दर हजार मीटर उंचीला हवेचे तापमान सुमारे साडेसहा अंशांनी कमी होते. बारीपासून माथ्यापर्यंत आठशे ते नऊशे मीटरचा चढ आहे. म्हणजे गावापेक्षा माथ्यावर पाच ते सहा अंश तापमान कमी असणार. हा हिशेब मी मुलांना वर्गात शिकवला होता. पण या हिशेबात वारा नव्हता.

धारेवर पाऊल टाकले आणि वाऱ्याने आम्हाला अक्षरशः ढकलले. दरीत डोंगराच्या भिंती वारा अडवतात. धारेवर त्याला अडवणारे कोणी नसते. आपल्या शरीराभोवती हवेचा एक पातळ थर असतो. शरीराच्या उष्णतेने तो उबदार होतो. वारा हा थर सतत पळवून नेतो. त्यामुळे तापमापक जे दाखवतो, त्याहून आपल्याला अधिक थंडी वाजते. हवा ५ अंश सेल्सिअस असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती शून्य अंशासारखी वाटते.

त्यात कपडे ओले असतील, तर संकट दुप्पट होते. कोरडे कापड हवा धरून ठेवते आणि हवा उष्णतेला सहज जाऊ देत नाही. पाणी मात्र उष्णता हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने वाहून नेते. सुती कापड घाम पितो आणि लवकर वाळत नाही. लोकर थोडी भिजली, तरी बरीच ऊब देते.

माथा जवळ आला होता. शेवटची शिडी दिसू लागली. मुले आनंदाने ओरडत होती. एवढ्यात माझ्या सहकाऱ्यांनी मागून हाक मारली. तो स्वेटर ठेवून आलेला मुलगा मागे पडला होता. सकाळी सर्वांत जास्त बडबड करणारा तोच होता. आता तो गप्प होता. त्याला हुडहुडी भरली होती. पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडण्याचा तो प्रयत्न करत होता. पण बोटे चालत नव्हती.

"काय होते आहे, बेटा?" मी विचारले.

"काही... नाही... सर," तो म्हणाला. शब्द अडखळत येत होते.

माझ्या अंगावर काटा आला. प्रथमोपचाराच्या वर्गात शिकलेले सगळे मला आठवले. माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले, तर जिवाला धोका निर्माण होतो. आधी कापरे भरते. मग बोटे काम करत नाहीत, पाय अडखळतात, जीभ जड होते आणि विचार मंदावतात. शेवटी कापरे थांबते. माणूस गोंधळलेला असताना कापरे थांबले, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. तो सर्वांत मोठ्या धोक्याचा इशारा आहे. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे लागते.

आम्ही त्याला एका मोठ्या खडकाच्या आडोशाला नेले. खाली पिशव्या पसरून त्यांवर बसवले, म्हणजे थंड दगड अंगातली उष्णता खेचणार नाही. ओला सदरा काढला. एका मुलाने आपला कोरडा सदरा दिला. मी माझे स्वेटर त्याला घातले. कोणी मफलर दिला, कोणी कानटोपी दिली. चार मुले वाऱ्याच्या बाजूला भिंतीसारखी उभी राहिली. तो नीट शुद्धीवर होता आणि त्याला गिळता येत होते, म्हणून थर्मासमधला गोड चहा आम्ही त्याला घोट घोट पाजला. एका मुलाने त्याचे हात जोरात चोळायला घेतले, तेव्हा मी त्याला थांबवले. अशा वेळी हातपाय चोळू नयेत आणि अंग आगीजवळ धरून एकदम शेकू नये. शरीराला हळूहळू ऊब द्यावी.

वीस-पंचवीस मिनिटांनी कापरे थांबले. मी त्याला नाव विचारले, वार विचारला, सातचा पाढा म्हणायला सांगितला. त्याने तो न अडखळता म्हटला. माझा जीव भांड्यात पडला.

आता पुढे काय? माथा समोर होता. "सर, फक्त वीस मिनिटे!" मुले विनवू लागली. एक जण म्हणाला, "तो इथेच बसेल. आम्ही जाऊन येतो."

मी विचार केला. वीस मिनिटे वर जायला, थोडा वेळ माथ्यावर आणि पुन्हा उतरायला. एवढा वेळ या वाऱ्यात कोणीतरी त्याच्याजवळ थांबणार. बसलेले शरीर चालणाऱ्या शरीरापेक्षा लवकर गार पडते. शिवाय माझे स्वेटर त्याच्या अंगावर होते आणि आता मलाही थंडी जाणवत होती. उद्या मीच आजारी पडलो असतो, तर बावीस मुलांना कोणी सांभाळले असते?

"आपण सगळे खाली जाणार आहोत," मी म्हणालो.

मुले हिरमुसली. कोणी काही बोलले नाही. त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. "सर, माझ्यामुळे सगळ्यांचे शिखर राहिले."

"तुझ्यामुळे नाही," मी म्हणालो. "स्वेटर ठेव, असे मी सांगितले होते."

हळूहळू आम्ही शिड्या उतरलो. अर्ध्या तासातच वारा नाहीसा झाला. ऊन अंगाला सुखावू लागले. त्या शेवटच्या घरापाशी पोहोचलो, तेव्हा मुले स्वेटर काढू लागली. एक जण म्हणाला, "सर, इथे तर थंडीच नाही! आपण उगीच परतलो."

मी वर बोट दाखवले. धारेवरचे वाळलेले गवत वाऱ्याने जमिनीवर लोळत होते. "एकाच डोंगरावर एकाच वेळी दोन ऋतू असतात," मी म्हणालो. "पायथ्याला उभे राहून माथ्याची थंडी कळत नाही."

मामांना सगळी हकीकत सांगितली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "बरं केलं, मास्तर. कळसूबाई कुठं पळून जातीय? पोरगं महत्त्वाचं."

शाळेत परत आल्यावर आम्ही वर्गात बसून एक तक्ता तयार केला. त्यात मुलांनी स्वतः हे नियम लिहिले :

१. निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा अंदाज पाहावा. हा विभाग १८७५ साली स्थापन झाला. पुण्यातील त्याच्या कार्यालयाला लोक 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ साली विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले होते. आता मुख्यालय दिल्लीला आहे. अंदाज बहुधा शहराचा किंवा जिल्ह्याचा असतो. माथ्यासाठी त्यातून उंचीचे अंश वजा करावेत आणि वाऱ्याचा विचार वेगळा करावा.

२. गावातल्या जाणत्या माणसांचे ऐकावे. उत्तरेकडून थंड, कोरडे वारे येऊ लागले, की महाराष्ट्रात थंडीची लाट येते. हे त्यांना अनुभवाने कळते.

३. एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. चढताना घाम येण्यापूर्वी एक कपडा काढावा. पण तो पिशवीत ठेवावा, मागे सोडू नये. कोरडा सदरा, कानटोपी आणि वारा अडवणारे जाकीट जवळ असावे.

४. थंडीत तहान कमी लागते. पण कोरडी हवा शरीरातले पाणी कमी करते. म्हणून तहान नसली, तरी थोडे थोडे पाणी प्यावे. गूळ, शेंगदाणे, खजूर बरोबर ठेवावेत.

५. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचाच असतो. दरीत सावली आणखी लवकर येते. म्हणून पहाटे निघावे, परत फिरण्याची वेळ आधीच ठरवावी आणि ती पाळावी. विजेरी जवळ असावी.

६. सकाळी दवाने खडक आणि शिड्या ओल्या असतात. दुपारी वाळलेले गवत आणि घसारा यांवरून पाय सटकतो. उतरताना घाई करू नये.

७. वाळलेल्या गवतात शेकोटी पेटवू नये. एका ठिणगीने संपूर्ण डोंगरावर वणवा पसरतो.

८. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने सर्वांनी चालावे. जो अचानक गप्प झाला, त्याच्याकडे आधी पाहावे.

शेवटचा नियम त्या मुलानेच सांगितला होता.

पुढच्या वर्षी ती मुले दहावीत गेली. जानेवारीत आम्ही पुन्हा बारीला गेलो. या वेळी पहाटे निघालो. धारेवर वारा होताच. पण प्रत्येकाच्या अंगात स्वेटर होते. शेवटची शिडी चढून आम्ही माथ्यावर पोहोचलो. खाली भंडारदरा धरणाचा निळा जलाशय चमकत होता. पलीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग शेजारी शेजारी उभे होते. त्या मुलाने आपली पिशवी उघडली. तिच्यात आणखी एक स्वेटर होते.

"दुसरे कशाला आणलेस?" मी विचारले.

"कोणी तरी खाली ठेवून आला असेल, तर त्याच्यासाठी," तो म्हणाला.

शब्दार्थ

दव – शबनम
ओसरी – घरासमोरचा बरामदा
पायथा – पहाडाचा दामन
शिखर, माथा – चोटी
तापमान – दर्जा-ए-हरारत
निरभ्र – ढग नसलेले (आकाश)
धार – डोंगराची अरुंद, लांब कडा
ऊब – गरमाहट
आडोसा – ओट
घसारा – सुट्या मातीचा व खड्यांचा निसरडा उतार
वणवा – जंगलातील आग
विजेरी – टॉर्च
हुडहुडी भरणे – थंडीने कापणे
जीव भांड्यात पडणे – काळजी दूर होणे
हिरमुसणे – मायूस होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?
(आ) पहाटे ओढ्याकाठी किती तापमान होते?
(इ) मामांनी लेखकाला कोणता इशारा दिला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) निरभ्र रात्री दरीचा तळ उतारापेक्षा थंड होतो.
(आ) धारेवर तापमापकापेक्षा अधिक थंडी वाजते.
(इ) लेखकाने सर्व मुलांना परत खाली नेले.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) थंडीने गारठलेल्या मुलाला कोणती मदत केली, ते क्रमाने लिहा.
(आ) "तुझ्यामुळे नाही," असे लेखक का म्हणाले? तुम्हाला काय वाटते?

प्र. ४. हिशेब करा.
दुपारी बारी गावात २४ अंश सेल्सिअस तापमान आहे. तेथून ९०० मीटर उंचीवर साधारणपणे किती तापमान असेल?

प्र. ५. भाषाभ्यास
(अ) हवा, जमीन, अंदाज हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा.
(आ) वाक्यात उपयोग करा : अंगावर काटा येणे, जीव भांड्यात पडणे, मनावर घेणे.
(इ) मामांचे बोलणे प्रमाण मराठीत लिहा : "वर लई झोंबंल. पोरांना जपा."

उपक्रम : आठ दिवस पहाटे आणि दुपारी तापमान मोजा. त्याबरोबर आकाश निरभ्र होते की ढगाळ, तेही लिहा. कोणत्या रात्री जास्त थंडी पडली, याचा तक्ता वर्गात लावा.